शेठच्या विमानाची चाकं

सुकदेव शिरसाठ मूळचा चोपड्याकडचा. वायुदलात पंधरा वर्षं त्याने विमानांची चाकं आणि ब्रेक सांभाळले. तिथून सुटल्यावर नरोलीच्या एका सूत कारखान्यात तो फिटर म्हणून लागला. कारखान्याच्या शेठचं चार आसनांचं विमान होतं, समुद्राकडच्या लहान धावपट्टीवर उभं असायचं. तेही सुकदेवच बघायचा.

१९९१च्या जानेवारीत त्याने विमानाच्या वहीत लिहिलं : चाकं आतबाहेर करणारी मोटर अडखळते, दुरुस्तीशिवाय उडवू नये. शेठ हसले. "एवढी काळजी आहे तर तूच मागे बस."

वैमानिक हृषीकेश नवा होता. त्या पोराला एकट्याला सोडवेना, म्हणून सुकदेव खरंच बसला.

परतताना व्हायचं तेच झालं. हृषीकेशने दोनदा बटण दाबलं, चाकं खाली येईनात. "सुकदेवराव, चाकांचे दिवे लागत नाहीत!"

अशा वेळी हाताने फिरवायचा दांडा पुढच्या आसनांमागे असतो. पण शेठने नेमकी त्यावरच थंड पेयांची सागवानी पेटी ठोकून घेतली होती. सुकदेवने लाथ उगारली.

"पेटीला हात लावू नकोस!" शेठ ओरडले. हवेत, चाकांशिवाय, आणि यांना पेटीची पडलेली!

तीन लाथांत पेटी फुटली. "साहेब, आधी मोटरचा करंट तोडा," सुकदेव हृषीकेशला म्हणाला आणि दांडा फिरवू लागला. हृषीकेश समुद्रावर घिरट्या घालत मोठ्याने फेऱ्या मोजत राहिला. पन्नासाव्या फेरीला दांडा अडला आणि दिवे लागले. विमान सुखरूप उतरलं. सुकदेवचा खांदा उचलेना. शेठ उतरता उतरता म्हणाले, "पेटीची काय दशा केलीस बघ."

तिसऱ्या दिवशी मॅनेजर मुकुंद दाबके टाइप केलेला कागद घेऊन आले : बिघाड अचानक झाला, आधी कुणाचीही तक्रार नव्हती. वहीतलं ते पान फाडलेलं होतं. कागदावर हृषीकेशची सही आधीच होती.

"सगळे वाचले ना? मग करा सही."

"माझ्या हातचं पान फाडता, आणि ते नव्हतंच असं माझ्याच हातून लिहून घेता? लाज नाही वाटत?"

दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्याला गेटवरच अडवलं. घरी येऊन तो भांडी आपटू लागला, तेव्हा त्याची बायको दुर्गा म्हणाली, "माझ्या पातेल्यांनी काय केलंय? तपासाला विमान खात्याचे साहेब येणार आहेत ना, त्यांच्यापुढे बोला की."

तो गेला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी हृषीकेशकडे पाहिलं. मान खाली घालून तो म्हणाला, "हो. त्यांनी लिहिलं होतं. मी वाचलं होतं."

विमानाचं उड्डाण बंद झालं. सुकदेवला मात्र कुणी परत बोलावलं नाही. त्याने अथालला पंप दुरुस्तीचं काम धरलं. हृषीकेश एकदा माफी मागायला आला.

"साहेब, चहा घ्या," सुकदेव म्हणाला. "पण माफी मागू नका. ती द्यायची माझी तयारी नाही."