पऱ्हाटी, पावडर आणि माझे चार लेख

छापलेल्या बातम्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. न छापलेल्या डोक्यात साचत राहतात. नव्वदच्या दशकात मी जळगावला वार्ताहर होतो; तिथल्या एमआयडीसीतल्या एकाच शेडच्या माझ्याकडे इतक्या साचल्यात की कुठून सुरू करू, कळत नाही.

सोनवणे सरांपासूनच करतो. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. लिथियम-आयन बॅटरी तेव्हा परदेशी कॅमेऱ्यांत नुकती येत होती. तिच्या इलेक्ट्रोडला लागणारी कार्बन पावडर पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांपासून करायची, म्हणून सरांनी पक्की नोकरी सोडली आणि जळगावला ही शेड टाकली.

उद्‌घाटनाला आलेले पुढारी म्हणाले, "आता आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या इथंच चार्ज होतील." सरांनी टाळ्या वाजवल्या. मी चिडून जाब विचारला, तर म्हणाले, "शेडपर्यंतचा रस्ता व्हायचाय अजून."

* * *

परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनानं उत्पादनाच्या रकान्यात 'कोळसा' लिहिलं आणि वखारीचा परवाना मागितला. सरांनी त्याला तासभर इलेक्ट्रोड समजावला.

"ते ठीक आहे," कारकून म्हणाला, "पण काळंच आहे ना?"

* * *

शेडवर कामाला सुपडूआबा होते, भडगावकडचे. पऱ्हाटीची पहिली गाडी आली, तशी त्यांनी सगळी हौदात बुडवून धुवायला काढली. सर ओरडले, हजार डिग्रीत जाळायचं लाकूड कुणी धुतं का?

"सर, हाई गोठानी घान शे," काड्यांना लागलेलं शेण दाखवत आबा शांतपणे म्हणाले. "आम्ही चुल्हामा बी आसं घालत नही."

ती गाडी धुऊन झालीच होती. पुढची धुवायची नाही, असं सरांनी बजावलं.

त्या पहिल्या गाडीची पावडर पुण्याच्या बॅटरी कंपनीच्या चाचणीत पास झाली. अशीच आणखी एकदा पाठवा, मग ऑर्डर देतो, असं कंपनीनं कळवलं. सरांनी पेढे वाटले.

* * *

दुसरा नमुना नापास झाला. तिसराही.

सरांचं म्हणणं, वीज जाते आणि भट्टी थंड पडते. मला तेवढं पुरे होतं. वीजखात्यावर ओळीनं चार लेख लिहिले. तिथले इंजिनिअर साहेब लॉगबुक काखेत मारून माझ्या कचेरीत आले. भट्टीच्या दिवशी वीज गेलीच नव्हती, हे बघा, म्हणाले.

"लॉगबुक तुमचंच ना?" मी म्हणालो आणि ते उघडलंही नाही.

महिन्याभरात साहेबांची बदली झाली. थेट आडवळणाच्या शिंदखेड्याला.

* * *

नव्या साहेबांनी माझ्या धास्तीनं शेडला मिनिटभरही अंधार पडू दिला नाही. चौथा नमुना नापास.

एकदाच आणखी तपासू, असं पुण्याहून पत्र आलं. सर ते हातात धरून कट्ट्यावर बसले होते. देवपूरच्या कॉलेजात परत घेतील का, असं मलाच विचारत होते. आबा शेजारी तंबाखू मळत होते.

"पहिली पऱ्हाटी बठ्ठी धुयेल व्हती, सर," ते म्हणाले. "मंग तुम्हीच नही सांगं."

पहिली गाडी सगळी धुतलेली होती आणि पुढच्या धुवायला सरांनीच मनाई केली होती. सर उठले, हौदापाशी गेले आणि त्यांनी बाह्या वर सारल्या.

* * *

धुतलेल्या पऱ्हाटीचा पाचवा नमुना पास झाला; भट्टीतही न जळणारे क्षार हौदातच निघून गेले होते. ऑर्डर आली. मी पहिल्या पानावर बातमी केली: सर, आबा, हौद, धुतलेली पऱ्हाटी, सगळं तपशीलवार. विजेचा विषय तेवढा टाळला.

आठवड्यानं शिंदखेड्याहून पोस्टकार्ड आलं.

"बातमी वाचली. सरांचं अभिनंदन. हौदाला पाणी कमी पडलं, तर पाणीपुरवठ्याच्या साहेबांवर लिहा. इथं माझ्या शेजारची खोली रिकामी आहे."