शिक्का लिफ्टमध्ये अडकला त्या दिवशी

आमचा मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलतोही नादुरुस्त लिफ्टसारखाच. वाक्य मध्येच थांबतं, पुढचं यायला इतका वेळ लागतो की ऐकणारा तोवर जिन्याने निघून जातो. असा माणूस नगरसेवकपदाला उभा राहतो म्हटल्यावर मामी म्हणाली, "आणि भाषणं कोण करणार? मी?"

भाषण त्याला करायचंच नव्हतं. आमच्या वॉर्डातल्या सरकारी वसाहतीची लिफ्ट दोन वर्षं बंद आहे. सातव्या मजल्यावरच्या एका बाईंचे गुडघे गेलेत, त्या तेव्हापासून खाली उतरलेल्याच नाहीत. दुरुस्तीची परवानगी मागून मागून मामा दमला. "बाहेरून सांगून... होत नाही. आत जाऊनच... बघायला पाहिजे." झाला जाहीरनामा.

अर्ज भरला आणि छाननीत उडाला. कारण? सूचकाची सही जुळत नाही. सूचक म्हणजे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्याचा हात नेमका त्याच आठवड्यात भाजलेला, बोटांना ही एवढी पट्टी. तशा हाताने सही करून दाखवा एकदा! मामाने त्याच दिवशी तक्रार केली. तक्रारीचा निकाल तीन दिवसांत द्यायचा, असा नियमच आहे.

चौथ्या दिवशी मामा आवक खिडकीवर हजर. तिथला कारकून सगळं नाकातून बोलतो, सर्दी झाल्यासारखं आणि तीही आपल्यामुळेच झाल्यासारखं.

"प्रक्रियेत आहे."

"पण साहेब, तीन दिवसांचा... नियम आहे ना?"

"आहे ना! नियम आहेच." आणि पुढचा कागद ओढला.

पाचव्या दिवशी मोठे साहेब दौऱ्यावर. सहाव्या दिवशी फाईल टेबलावर. सातव्या दिवशी, "अहो, टेबलावर आहे म्हणून कालच सांगितलं ना तुम्हाला? रोज काय येता!"

नवव्या दिवशी निकाल हातात पडला. तक्रार फेटाळली. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की अपील उद्या संध्याकाळी पाचच्या आत. परवा मतपत्रिका छापायला जाणार. त्यात नाव नसलं की संपलं.

"म्हणजे यांनी नऊ दिवस लोळायचं," मामी कडाडली, "आणि आपण एका दिवसात पळायचं!"

पळाले बिचारे. सकाळी वकील, दुपारी टायपिस्ट, मग झेरॉक्सवाल्याची मशीन गरम व्हायची वाट. साडेचारला कचेरीत पोचले, तर खिडकीवर कोणी नाही.

"चहाला गेलेत," शिपाई म्हणाला.

"मग तुम्ही घ्या की कागद," मामी म्हणाली.

"मी घेऊन काय करू? शिक्का त्यांच्याकडे."

त्या कचेरीत मागे कोणीतरी जुन्या तारखेचा शिक्का मारून घेतला होता म्हणे. तेव्हापासून कारकून खुर्चीवरून उठला की शिक्का खिशात. चहाला शिक्का, जेवायला शिक्का, संडासलासुद्धा शिक्का.

तेवढ्यात लिफ्टच्या दारामागून आवाज आला. "अरे, कोणी आहे का रे? अरे, मी आहे आत!" नाकातून.

मामाने अपील मामीच्या हातात दिलं आणि पिशवीतून लिफ्टच्या दाराची चावी काढली. दार हातभर सरकलं. कॅबिन दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली, आणि खालच्या फटीत कारकुनाचे बूट.

"दादा! तुम्ही होय! देवासारखे आलात बघा! काढा हो मला."

"मशीन रूम... कुठे आहे?"

"गच्चीवर. पण कुलूप असतं," शिपाई म्हणाला आणि किल्ली शोधायला गेला. असा गेला की जणू हरवलेली किल्ली नाही, मुलीसाठी स्थळ शोधायचं होतं.

मामीची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. "अहो, तोवर कागद सारा ना आत! शिक्का आहे यांच्याकडे."

"हो, हो, द्या ना!" फटीतून घामट हात बाहेर आला. "आत्ता मारतो शिक्का. वहिनी, आणा इकडे."

"हात आत घ्या!" मामा ओरडला. अख्ख्या आयुष्यात न थांबता बोललेलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

"अहो, एक सेकंदाचं काम आहे!" मामी म्हणाली.

"कॅबिन सरकली तर हात जाईल त्यांचा. लटकलेल्या लिफ्टमधून... काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही."

"त्यांना चालतंय ना!"

"मला चालत नाही."

किल्ली सापडली. मामा पाच मजले चढून गेला, मेन स्विच पाडला, हाताने चाक फिरवत कॅबिन इंच इंच खाली आणली. पायऱ्या उतरून परत आला तेव्हा कारकून बाहेर येऊन, तोंडावर पाणी मारून खिडकीमागे बसलेला होता. मामीने अपील त्याच्यापुढे धरलेलं.

"हे बघा," तो नाकातून म्हणाला, "पाच वाजून सात मिनिटं झालीत. पाचपर्यंत मुदत होती."

"तुम्ही आत होतात साहेब. शिक्का... आत होता."

"ते खरं. पण मुदत बाहेर चालू होती ना?"

"मघाशी तर देत होतात शिक्का!" मामी किंचाळली.

"मघाशी वेळ होती, वहिनी."

"आणि माझ्या तक्रारीचे... तीन दिवस? त्यांचे नऊ झाले."

"ती मुदत आमची अंतर्गत असते. तुमची मात्र तुम्हाला बंधनकारक." त्याने खिशातून शिक्का काढला, अपिलावर ठोकला आणि शेजारी सुबक अक्षरात लिहिलं: मुदतीनंतर प्राप्त. "पोच हवी का?"

मामाने पोच घेतली. तिचं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. कोर्टात जा, वकील फोनवर म्हणाला, निकाल लागेल, पुढच्या निवडणुकीच्या आत बहुतेक लागेल.

मामी तरातरा जिन्याकडे निघाली. मागे वळून बघते तर मामा लिफ्टच्या दारात गुडघ्यांवर बसलेला, हातात स्क्रूड्रायव्हर.

"आता काय?"

"दाराचा स्विच सैल आहे. असाच सोडला तर उद्या... दुसरं कोणीतरी अडकेल. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं!" मामी जिन्यावरच बसली. "ही दोन मिनिटं मघाशी का नाही सापडली हो तुम्हाला?"

स्क्रू घट्ट बसेपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी वेळ, मामा पिळतच राहिला.