शनिवारची एकवीस मिनिटं

मी लेथवरचा माणूस. गेजने मोजता येत नाही ते माझ्या हिशेबी नसतंच. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा सांगायला जायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतोय...

डायल-अपचा काळ. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं जॉब-वर्कचं युनिट होतं. केबिनमध्ये एक फोन आणि त्याच लाइनवर जोडलेला सेकंडहँड कॉम्प्युटर – पार्ट्यांचे ड्रॉइंग ई-मेलवर यायचे म्हणून घेतलेला. केबिनची किल्ली दोघांकडे. एक माझ्याकडे, दुसरी स्टोअर सांभाळणाऱ्या नासीरभाईंकडे.

एका महिन्याचं फोनबिल नेहमीच्या कितीतरी पट आलं. यादी मागवली, तर सगळे कॉल परदेशात, एकाच नंबरवर. नासीरभाईंची मुलगी मस्कतला दिलेली. माझा संशय थेट तिथेच गेला. कोड मस्कतचा आहे का, एवढंसुद्धा मी पाहिलं नाही.

"नासीरभाई, मुलीशी बोलायचं तर मला सांगायचं ना," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"बारा वर्षं झाली शेठ. तुमचा एक नट तरी घरी नेला का मी?"

किल्ली टेबलावर ठेवून ते निघून गेले.

पुढच्या महिन्याचं बिल आणखी मोठं आलं! मग मात्र मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत चोर पकडला.

"साहेब, फुकटचं काहीतरी डाउनलोड केलं होतं का? त्यासोबत हा डायलर आलाय. तुम्ही नेट लावलं की हा चालू लाइन तोडतो आणि गुपचूप परदेशी नंबर फिरवतो. कोड बघा, कुठल्यातरी बेटाचा आहे."

डाउनलोड मीच केलं होतं. स्क्रीनसेव्हर. नासीरभाईंच्या घरी कोणत्या तोंडाने जायचं, या विचारात मी दिवस ढकलत राहिलो. कॉम्प्युटर साफ करायला कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात गेला, तो आठ दिवस तिथेच होता. केबिनमध्ये उरला नुसता फोन.

नंतर आलेल्या यादीत त्याच आठ दिवसांतला एक कॉल होता. तोच नंबर. शनिवार, दुपारी दोन दहा. एकवीस मिनिटं.

शनिवारी आमची सुट्टी. त्या दिवशी मी एकटाच कोटेशन लिहायला आलो होतो. शटर आतून ओढलेलं, दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात, फोन माझ्यासमोर. मी त्याला हात लावला नाही... लावल्याचं मला आठवत नाही.

टेलिफोन ऑफिसात भांडलो. तिथला क्लार्क म्हणाला, "कोणी नंबर फिरवल्याशिवाय नोंद होत नाही हो." लाइनमनने खांबापर्यंत वायर तपासली. कुठे जोड नाही.

शेवटी सायखेड्याला गेलो. नासीरभाई तिथे भावाकडे राहत होते. मी हात जोडले, सगळं सांगितलं. यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ओळींवरून बोट फिरवत आणलं आणि ते त्या शनिवारपाशी थांबले.

"तेव्हा कॉम्प्युटर नव्हता?"

"नव्हता."

"मग कोण होतं?"

"मी. एकटाच."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता नजरेत. आजारी माणसाला विचारावं तसं त्यांनी हळू विचारलं, "कोणाशी बोललात, शेठ?"

मी यादीची घडी केली आणि त्यांची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

सोमवारी ते कामावर आले. आमच्यात पुन्हा तो विषय निघाला नाही. पण रिटायर होईपर्यंत, मी केबिनमध्ये एकटा फोनवर असलो की ते स्टोअरमधून उठून दारात येऊन उभे राहायचे. मी रिसीव्हर ठेवला की परत जायचे.

मी त्यांना कधी हटकलं नाही. खरं सांगतो – ते उभे असले की मलाही बरं वाटायचं.