सोळाव्या मजल्यावरचा उंबरा

दामूकाका परवा गेले. त्यांचं घर माझ्यामुळे गेलं होतं.

कसं गेलं, हे आजवर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आता मी एकटीच उरले, म्हणून लिहितेय.

आमची चाळ शीव कोळीवाड्याच्या वर, टेकडीच्या उतारावर. अठराशे नव्वदच्या दशकात प्लेग आला, खाली घरं रिकामी व्हायला लागली, तेव्हा काकांचे पणजोबा चार भांडी आणि जाळं घेऊन वर आले. ते वरच राहिले.

खाली पावसाचं पाणी भरायचं, आमच्याकडे नाही. आम्ही उंचावर राहतो याचा आम्हाला कोण माज.

दामूकाका माझे सख्खे काका नव्हेत. भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. बाबा गेल्यावर माझ्या कॉलेजची फी भरायला तेच रांगेत उभे राहिले होते.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर म्हणाला, अठरा मजले.

पण डोक्यावरून विमानं जातात. विमानतळाच्या नियमामुळे इमारत किती उंच चालेल याचं परवानगीचं लेटर लागतं. ते आलं. चार पानं, सगळं इंग्लिश.

कमिटीची सेक्रेटरी मी. बँकेत नोकरी, त्यामुळे मला सगळं कळतं असा चाळीचा समज. माझाही.

पहिल्या पानावर होतं, साठ मीटर. मजल्याला तीन धरले, वर टाकी आणि लिफ्टची खोली. बरोबर बसलं. पुढची पानं मी नुसती उलटली.

मीटिंगमध्ये सांगितलं, "अठरा बसतात. मी स्वतः बघितलंय."

मग घरांचा ड्रॉ झाला. काकांना चौथा मजला आला. सुलभाताईंना सोळावा. त्यांच्या मिस्टरांचं हार्टचं ऑपरेशन झालेलं. लिफ्ट बंद पडली तर काय, म्हणून त्या तिथेच जिन्यात बसून रडायला लागल्या.

काका म्हणाले, "रडू नको गो. आम्ही घेतो सोळावा."

आणि सही करायच्या आधी माझ्याकडे आले.

"पोरी, सोळावा होणार ना नक्की? ही उंची मोजतात कुठनं?"

"जमिनीपासून, काका. अजून कुठून मोजणार?"

"नाय, आम्ही सगळं पाण्यापासनं मोजतो म्हणून विचारलं."

मी हसले. म्हटलं, "काका, विमान आहे ते. बोट नाही."

तेही हसले. सही केली.

लेटर माझ्या हातातल्या फाइलमध्ये होतं. उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती.

काम तेराव्या मजल्यावर थांबलं. दुसऱ्या पानावर एक ओळ होती. उंची समुद्रसपाटीपासून. आमची टेकडीच त्यातले पंधरा मीटर खाऊन बसली होती.

वरचे पाच मजले कागदावरच राहिले. तेराव्यापर्यंतचे लोक राहायला गेले. वरच्यांना बिल्डर म्हणाला, पुढच्या इमारतीत देतो. ती इमारत कोर्टात आहे.

तेव्हा मीटिंगमध्ये एक जण ओरडला, "तू वाचलं होतंस ना?"

मी म्हणाले, "लेटरमध्ये क्लिअर नव्हतं."

खोटं होतं. स्वच्छ लिहिलं होतं.

काका मागच्या खुर्चीवर होते. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मग उठून म्हणाले, "पोरीचा काय दोष? कागदच तसा असेल."

त्यांनी चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं. घरी येऊन म्हणाले असते, तुला विचारलं होतं ना मी, तर मी पाय धरले असते. कधीच बोलले नाहीत. दर रविवारी बोंबील पाठवत राहिले.

ट्रान्झिट कॅम्पच्या खोलीत सात वर्षं काढली काका-काकूंनी. पत्र्याचं दार, खाली सिमेंटची पट्टी. काकांचं मागणं एकच होतं. "माणूस आपल्या उंबऱ्यावरनं निघाला पाहिजे. तेवढं झालं की बस." त्यांचे वडील, आजोबा, सगळे चाळीतल्या त्या एकाच सागवानी उंबऱ्यावरून गेलेले. चाळ पाडली तेव्हा काकांनी तो काढून, गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. सोळाव्यावर बसवायला.

परवा सकाळी ते गेले.

सुलभाताई धावत आल्या. म्हणाल्या, "काकांना आमच्याकडे न्या. चौथ्यावर. तिथून निघू देत. घर त्यांचंच आहे ते."

चाळीतली पोरं तयार होती. जिन्याने वर नेऊ म्हणाली.

काकूंनी मान हलवली. "नको गो. दिलेलं घर आहे. ते कसं मागायचं?"

काका त्या सिमेंटच्या पट्टीवरून निघाले. गोणपाट खाटेखाली तसंच होतं. मला ते सारखं दिसत होतं. बाहेर काढून दारात ठेवायचं कोणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही. हे आत्ता लिहिताना सुचतंय.

खूप उशीर झालाय, सगळ्यालाच.

सगळे परतल्यावर मी काकूंजवळ बसले होते. त्यांनी माझा हात धरला. मग मला विचारलं, "माझ्या वेळेपर्यंत तरी होईल काय गो घर?"

"होईल" म्हणायला तोंड उघडलं. पण याच घराबद्दल एकदा मी न बघता उत्तर दिलं होतं.

म्हटलं, "माहीत नाही, काकू."

त्यांनी माझा हात सोडला नाही. सोडायला हवा होता.

चाळीतल्या सगळ्यांसाठी: लेटरमध्ये क्लिअर होतं. दामूकाकांनी बरोबर प्रश्न विचारला होता. मी हसण्यावारी नेला.

काका, हे तुमच्यासमोर बोलायला हवं होतं. जमलं नाही. निरोप घेते.