आंधळ्या घोडीचा फोटो

माझे वडील निजामाच्या राज्यात गावोगाव जाऊन लेकरांना देवी टोचायचं काम करत. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. लिंबागणेशपासून नांदूरघाटापर्यंतची वाट ते एका तांबड्या घोडीवरून तुडवत. एकदा वाटेतच ताप चढून त्यांची शुद्ध हरपली. घोडीनं त्यांना पडू न देता, सावकाश चालत दारात आणून उभं केलं. तेव्हापासून मायनं तिला कधी जनावर म्हटलं नाही.

मी दहाएक वर्षांची असताना तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं आणि तिला दिसेनासं झालं. कामासाठी दुसरं तट्टू आलं. आंधळी घोडी कशाला पोसता, असं लोक विचारायचे. अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या साली गावच्या देशमुखांकडे लग्नाला औरंगाबादेहून फोटोवाला आला होता. सगळे फोटो झाले तरी त्याच्याजवळ फोटो उमटवायची एक काच उरली. देशमुख अप्पांना म्हणाले, "डाक्टर, तुमचा काढून घ्या."

"माजा नको," अप्पा म्हणाले. "आमच्या घोडीचा काढा."

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं फोटोवाल्यानं कबूल केलं.

पहाटेच मायनं रिठे उकळले. घोडीला न्हाऊ घालून आम्ही दोघींनी जुन्या लुगड्यानं तिचं अंग पुसलं. आयाळीत गुंता होता, तर मायनं स्वतःची लाकडी फणी आणली आणि एकेक बट सोडवत बसली. खुरांना तेल लावलं. तेवढ्यात अप्पा खोगीर घेऊन आले.

"ते कावून?" माय म्हणाली. "लई वझं वाहिलं तिनं. आज मोकळी ऱ्हाऊ द्या."

अप्पांनी खोगीर भिंतीशी ठेवलं.

माश्या बसू नयेत म्हणून मी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली. फोटोवाल्यानं अंगणात तिपाई मांडून तिच्यावर फोटो काढायची पेटी ठेवली. अप्पा घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. काळ्या कापडाची फडफड ऐकली, तशी घोडी बिचकली. अप्पा तिला चुचकारू लागले.

"डाक्टरसाहेब, तुमी बोललात की तुमचं तोंड हलतं. अन् ती हलली तर फोटूत दोन मुंडकी येतील," फोटोवाला म्हणाला.

अप्पा गप्प झाले की घोडी मान झटकायची. तीनदा असंच झालं. शेवटी फोटोवाला कापड गुंडाळू लागला. "ऱ्हाऊ द्या. काच वाया जाईल."

अप्पांचा चेहरा उतरला. मी दाराकडं पाहिलं. माय परपुरुषासमोर कधी येत नसे. ती उंबऱ्याच्या आत उभी होती. पदर पुढं ओढून ती बाहेर आली, पेटीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात जात्यावरची ओवी म्हणू लागली. आमचं जातं घोडीच्या गोठ्याला लागूनच होतं. रोज पहाटे हाच आवाज ऐकत घोडी जागी व्हायची.

घोडीनं कान पुढं केले आणि ती स्तब्ध झाली. फोटोवाला हळूच म्हणाला, "आता थांबू नका, बाई." माय गात राहिली. तेवढ्यात फोटो निघाला.

महिनाभरानं पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आला. अप्पांनी तो मायच्या हातात दिला. ती पुष्कळ वेळ बघत होती.

"माज्याकडंच बघायलीय," ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. म्हणाले, "मला तर पेटी सोडून तुज्याकडंच बघावं वाटत हुतं. तुजा आवाज इतका ग्वाड हाय, हे मला ठावं न्हवतं."

माय लाजून उठली आणि फोटो घेऊन गोठ्यात गेली. घोडीला तिनं त्याचा वास दिला. घोडीनं हुंगला, मग खायची चीज समजून एक कोपरा चाटून ओला केला. तिथला पुठ्ठा फुगला. अप्पा रागावतील असं मला वाटलं, पण त्यांनी तो नुसता उन्हात वाळत ठेवला आणि वाळेपर्यंत जवळ बसून राहिले.