कोरड्या छताचा पुरावा

मंगळावर आज पाणी वाहत नाही, पण तिथे एकेकाळी तळी होती हे मी वर्गात छातीठोकपणे सांगते. खडकच सांगतात तसं. खालच्या थरांत चिकणमातीची खनिजं सापडतात, म्हणजे पाणी बराच काळ साचलेलं होतं. वरच्या थरांत सल्फेट, म्हणजे पुढे ते खारट होत आटत गेलं. पाणी जातं, क्षार मागे राहतात. मुलं माना डोलावतात. इतक्या लांबच्या ग्रहाबद्दल माझ्यावर सगळ्यांचा विश्वास. मुलुंडच्या घरात मात्र माझं कोणी ऐकेल तर शपथ.

बाबा गिरणीत होते. गावची आंब्याची कलमं विकून त्यांनी एकावर एक दोन खोल्या घेतल्या. वरची दादा-वहिनीला दिली, खालच्या खोलीत ते आणि मी. दादाचं बाथरूम नेमकं बाबांच्या खाटेच्या डोक्यावर, आणि खाट हलवायला दुसरी जागा नाही. तिथे छताला पांढरं फुटायला लागलं. आतून प्लास्टरही सैल होत चाललं असणार. ते एक दिवस बाबांच्या डोक्यात पडणार, या भीतीने मला झोप लागेना.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "कुठाय पाणी? उगाच लफडं करू नको यार."

मी कॉलेजातून पातळ ॲसिड आणलं, तो पांढरा थर थोडा खरवडून त्यावर थेंब टाकला. फसफसलं. सिमेंटमधला चुना विरघळवत पाणी वरून झिरपतंय, यात शंकाच उरली नाही. बाबांना मी मंगळासकट सगळं समजावलं. ते हसले आणि थोरल्या मुलावर, म्हणजे दादावर, गाडी आणली.

"तुझ्या त्या मंगळार कोणाचो थोरलो झील रवणा नाय. म्हणान तुका सांगाक जमता."

रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी प्लंबरला घेऊन आले. दादाने बाथरूमचा वापर दोन दिवस आधीपासूनच बंद ठेवला होता. "हात लावून बघा, कोरडं ठणठणीत," तो म्हणाला. कोरडं असू दे, मी म्हटलं, खाली चला, दाखवते. खाली येऊन मी वर बोट केलं आणि तिथे काहीच नव्हतं. पांढरा थर साफ गेलेला, नुसता करडा डाग. मी खरवडून ठेवलेला नमुना त्यांना दाखवला, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, हे कुठलंही असू शकतं ना." दादा माझ्याकडे बघून हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे त्याचंच काम, असं मी धरून चालले.

सगळे गेल्यावर बाबांची काठी उचलली. तिच्या रबरी टोकाला चुना लागलेला. त्यांच्या गंजीच्या खांद्यावरही पांढरी भुकटी होती. धड उभं राहता न येणाऱ्या माणसाने, मी सकाळी दूध आणायला गेले तेवढ्यात, काठी वर करून छत खरवडलं होतं.

"बाबा, का?"

"भांडान काय गावतला? तो खाली येवचो बंद जातलो."

मला रडू आलं नाही, फक्त चीड आली. त्यांची, दादाची आणि माझ्या सगळ्या शिक्षणाचीसुद्धा.

छताला पुन्हा पांढरं फुटलंय. बाबा त्याच्याखालीच झोपतात. संध्याकाळी वरचा दरवाजा वाजला की डोळे मिटूनच सांगतात, "इलो," म्हणजे दादा घरी आला. त्या रविवारनंतर दादा एकदाही खाली आलेला नाही.