पुसलेल्या दोन खुणा

अर्धवट कामाची रत्नम्माला शिसारी होती. बाई देगलूरची. लातुरात ईश्वरप्पाच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात मॅन्युअलची पानं लिहायची. दोन हजार सोळाचा दुष्काळ. कोणत्या गावाचा टँकर कधी भरायचा, ते ईश्वरप्पाचा युनिक्स या प्रणालीवरचा प्रोग्राम ठरवी. तो कसा चालवायचा, हे तिच्या पानांत असे.

या पानांत मजकूर साधाच टाइप करायचा. मथळा हवा तर ओळीच्या सुरुवातीला ठिपका आणि एसएच. ठळक हवं तर ठिपका आणि बी. या ठिपक्याच्या हुकमांना मॅक्रो म्हणतात. पडदा लहान असो की मोठा, मांडणी मशीन करतं. ईश्वरप्पाला एवढाही दम नव्हता. तो स्पेसबार बडवून ओळी सरळ करी. दुसऱ्या पडद्यावर त्या फाटक्या पोत्यातल्या ज्वारीसारख्या सांडत, आणि वेचायला रत्नम्मा.

उदगीर जिल्हा होणार, अशी हवा उठली. तिथलं काम आपल्यालाच मिळावं म्हणून ईश्वरप्पानं तिची पानं देखणी करायला घेतली. डिस्क भरली तर काय पुसायचं, ते सांगणाऱ्या पानात एका ओळीची सुरुवात '.पाळी' या लपवलेल्या फाईलच्या नावानं होती. ही तेवढी पुसू नये, गावांच्या पाळ्या हिच्यात आहेत, असं त्या ओळीत होतं. ठिपक्यानं सुरू होणारी ओळ मशीनला हुकूम वाटते. म्हणून रत्नम्मानं ठिपक्याआधी उलटी तिरकी रेघ आणि ॲम्परसँड ठेवला होता. त्या खुणा पडद्यावर दिसत नाहीत, फक्त ओळ वाचवतात. ईश्वरप्पानं कचरा समजून त्या पुसल्या. मशीनला 'पाळी' नावाचा हुकूम ठाऊक नव्हता. मशीननं चकार शब्द न काढता अख्खी ओळ गाळली.

टँकर भरायच्या जागी साहेबराव रोजंदारीवर मशीन सांभाळी. डिस्क भरली. त्यानं पान उघडलं. लपवलेल्या फायलींसकट सगळं पुसावं, एवढंच तिथं उरलं होतं. त्यानं पुसलं. पाळ्या गेल्या. टँकरांची रांग रस्त्यावर आली आणि ज्याचा आवाज मोठा, त्याची गाडी आधी भरली.

चौकशीला सरकारी साहेब आले. अडाणी माणूस, पान न वाचताच हात घालतो, असं सांगून ईश्वरप्पानं साहेबरावाकडं बोट दाखवलं. त्याला काढायचं ठरत आलं. मग ईश्वरप्पा रत्नम्माच्या कानाशी लागला.

"पान बरोबर होतं म्हणा. दोन खुणांचं काय घेऊन बसलाव? उदगीरचं काम हाय डोळ्यापुढं."

त्याच्या तोंडाला सुपारीचा वास. ती सरळ साहेबांकडं वळली.

"पान मी लिहिलं, यांनी बिघडवलं. या माणसानं लिहिल्याबरहुकूम केलं."

तिनं दोन खुणा परत टाकल्या. ओळ पडद्यावर आली. साहेबांनी ती वाचली, ईश्वरप्पाकडं पाहिलं आणि चहा मागवला. चहा ईश्वरप्पालाही मिळाला.

साहेबराव कामावर राहिला. रत्नम्माला ईश्वरप्पानं त्याच दिवशी घरी बसवलं. साहेबराव फाटकापर्यंत तिच्यासोबत आला.

"ताई, म्या वाचलं म्हणून फसलो," तो म्हणाला. "न वाचता खुणा पुसणाऱ्याला काय बी झालं न्हाई."

ती रस्त्याकडेला थुंकली आणि बसस्टँडची वाट धरली.